बरा न होणारा आजार देवाला अर्पण करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न : वसईकर भगिनी

मी वसईच्या किनारपट्टीवरील एका गावात राहते. मला गेली बरीच वर्षे रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे. ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते की, म्हातारपणी झिजेमुळे गुडघे दुखतात तो हा संधिवात नव्हे. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, त्यामुळे बोटे, मनगटे आणि पावले सुजतात आणि सकाळी उठल्यावर बराच वेळ आखडलेली राहतात. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, जोडीला फॉलिक अॅसिड, सूज फारच वाढली तर काही काळ स्टेरॉइड आणि ठरावीक काळाने रक्ताची तपासणी, असा माझा उपचार चालू आहे. डॉक्टर बरे करण्याचे आश्वासन देत नाहीत. आजार आटोक्यात ठेवू, एवढेच म्हणतात.

सकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, जाणे मला जमत नाही, कारण त्या वेळी माझ्या बोटांना नळाची तोटीसुद्धा फिरवता येत नाही. संध्याकाळी घरात जपमाळ होते तेव्हा मणी बोटांतून निसटतो आणि कितवी ‘नमो मारिया’ चालू आहे याचा हिशेब राहत नाही. गुडघे टेकणे तर केव्हाच बंद झाले आहे. मिस्सेत सगळे गुडघ्यांवर असताना मी एकटी बाकावर बसून असते, आणि मागच्या रांगेतून कोणी काही म्हणत नसले तरी मला अवघडल्यासारखे होते.

पण माझा प्रश्न शरीराचा नाही. आजारपणात माणसे धीर द्यायला येतात आणि प्रत्येक जण श्रद्धेच्या नावाने काहीतरी सांगून जातो. कोणी म्हणते, ‘दुःख प्रभूला अर्पण कर, तक्रार करू नकोस.’ एका आरोग्यदान प्रार्थनेत माझ्या डोक्यावर हात ठेवून मला सांगण्यात आले की विश्वास पुरेसा असता तर मी एव्हाना बरी झाले असते, आणि गोळ्या चालू ठेवणे हेच माझ्या अल्पविश्वासाचे लक्षण आहे. नात्यातील एका वडीलधाऱ्या बाईंनी तर घराण्यात कोणाच्या हातून काय घडले होते याची चौकशी सुरू केली. माझ्या आईने वांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरीला) माझ्यासाठी मेणाचा हात वाहिला, तेव्हा मात्र मला वाईट वाटले नाही. तिने मला काही शिकवले नाही. टेकडीच्या पायथ्याशी मेणाच्या वस्तू विकणाऱ्यांकडे तिने हात निवडला, चढ चढली, तो वाहिला आणि घरी येऊन माझ्यासाठी पेज केली.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दुःख अर्पण करणे ही कॅथलिक शिकवण नेमकी काय आहे, आणि ते करताना रडण्याची किंवा देवावर रागावण्याची मुभा आहे का? आजार बरा व्हावा म्हणून प्रार्थना करत राहणे आणि तो स्वीकारणे, ही दोन्ही एकाच वेळी कशी करावीत? आणि तिसरे, आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचा, म्हणजे फादरांनी पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याचा, संस्कार माझ्यासारखीला मिळू शकतो का? मी हा विषय घरी काढला तेव्हा सगळे घाबरले, कारण आमच्याकडे फादरना तेल घेऊन बोलावतात ते माणूस शेवटच्या घटका मोजू लागल्यावरच.

उत्तर : आठवड्यातून तीनदा, नालासोपारा

ताई, माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, मी डायलिसिसच्या खुर्चीत असतो. तुमच्या पहिल्या प्रश्नातील रडण्याच्या आणि रागावण्याच्या भागाबद्दल मला लिहायचे आहे, कारण तो माझाही प्रश्न होता.

आपल्या लोकांमध्ये सहनशीलतेचे फार कौतुक आहे. आजारी माणूस हसतमुख असला की त्याची श्रद्धा मोठी, आणि त्याने चेहरा पाडला की ती कमी, असे आपण नकळत ठरवून टाकतो. बायबल मात्र असे ठरवत नाही. स्तोत्रसंहितेतील ८८वे स्तोत्र वाचून पाहावे. इतर विलापस्तोत्रे बहुधा शेवटी आशेकडे वळतात, पण हे वळत नाही. रात्रंदिवस हाक मारणारा माणूस ‘तू मला का टाकलेस, तोंड का लपवतोस’ असे विचारतो आणि स्तोत्र अंधारातच संपते. त्याला गोड शेवट जोडावा असे कोणालाही वाटले नाही. ज्यांनी ते पवित्र शास्त्रात ठेवले त्यांना हा आक्रोश प्रार्थनाच वाटला होता, आणि चर्चच्या दैनिक प्रार्थनेत शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी आजही हेच स्तोत्र म्हटले जाते.

बायबलमधील ईयोब या दुःखाने गांजलेल्या माणसाचेही तेच. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन लांबलचक भाषणे करतात. तू काहीतरी केले असशील, देव अन्याय करत नाही, असे परोपरीने पटवतात. ईयोब भांडतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवालाच जाब विचारतो. आणि शेवटच्या अध्यायात देव मित्रांना सांगतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. तुमच्या घराण्याची चौकशी करणाऱ्या बाईंना हा अध्याय कोणीतरी वाचून दाखवायला हवा. स्वतः प्रभूनेही गेथशेमाने बागेत आधी ‘हा प्याला माझ्यापासून टळो’ असे मागितले आणि मगच पित्याच्या इच्छेचा स्वीकार केला. मला वाटते, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच प्रार्थनेत आहे. दोन्ही वाक्ये एकाच रात्री, एकाच मुखातून आली. पहिले वाक्य उच्चारल्याने दुसरे खोटे ठरले नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण आजारी माणसाला अपराधीपणा बहुधा त्यांतूनच येतो. चर्चच्या कायद्याप्रमाणे राखेच्या बुधवारचा (उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाचा) आणि गुड फ्रायडेचा उपवास अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंतच्या धडधाकट माणसांसाठी आहे. आजारी माणसावर तो बंधनकारक नाही. मला तर पाणीसुद्धा मोजून प्यावे लागते आणि पोटॅशियममुळे वसईची सुकेळी कायमची बंद झाली आहेत, तेव्हा उपवासकाळात आणखी काय सोडू, असे मी एकदा आमच्या फादरना विचारले. ते म्हणाले, ‘तुमचा आहारतक्ता तुम्ही वर्षभर पाळता तोच पाळा, आणि त्याबद्दल कुरकुर करावीशी वाटली तर माझ्याकडे येऊन करा.’ हे ऐकून मला फार मोकळे वाटले.

कम्युनियनपूर्वी, म्हणजे मिस्सेतील पवित्र भाकर घेण्यापूर्वी, एक तास काही न खाण्याचा नियमही आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना सैल केलेला आहे. पाणी आणि औषध यांनी तर तो कोणाचाच मोडत नाही. रविवारच्या मिस्सेची सक्तीही आजारी माणसावर नसते. अनेक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) कम्युनियन घरी आणून देण्याची सोय असते, त्यासाठी नाव नोंदवताना अजिबात संकोच करू नये. आणि गुडघे टेकता येत नसतील तर बसावे. बसून केलेल्या आराधनेत काहीही कमी नाही.

जपमाळेबद्दल एक सुचवतो. आमच्या डायलिसिस केंद्रात एक आजी होत्या. त्यांच्या एका हातात सुया असत आणि तो हात हलवायचा नसे. दुसऱ्या हातात त्या जाड सुताची, दहा मोठ्या गाठींची दोरी धरत, बोरांएवढ्या गाठी. मणी चिमटीत धरावा लागतो, पण गाठ तळव्याखाली नुसती सरकवली तरी पुरते. दोन गाठींत बोटभर अंतर ठेवले होते, म्हणजे डुलकी लागली तरी जाग आल्यावर आपण कुठे होतो ते हाताला कळावे.

उत्तर : निवृत्त परिचारिका, पुणे

मी रुग्णालयांत आयुष्यभर नोकरी केली आणि स्वतः कॅथलिक आहे. मला फक्त गोळ्यांबद्दल लिहायचे आहे आणि ते स्पष्ट लिहिणार आहे.

ताई, कोणीही, कितीही मोठ्या श्रद्धेच्या आवेशात सांगितले तरी, औषधे स्वतःहून बंद करू नका. काही आठवडे रोज घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबवले तर जिवावर बेतू शकते, कारण त्या काळात शरीराने स्वतःचे कॉर्टिसॉल हे आवश्यक संप्रेरक तयार करणे कमी केलेले असते आणि ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. मेथोट्रेक्सेट सोडले तर काही आठवडे फारसा फरक जाणवत नाही, माणसाला वाटते की प्रार्थनेने गुण आला, आणि मग सूज उसळते. तोपर्यंत सांध्यात जी झीज झालेली असते ती भरून येत नाही. बोटे वाकडी होतात ती याच काळात. वाचणाऱ्या इतरांसाठी हेही सांगून ठेवते की मेथोट्रेक्सेट या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. घरातील कोणी चुकून रोज दिले तर ते विषासारखे ठरते, म्हणून गोळीचा वार डबीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

यात श्रद्धेच्या विरुद्ध काहीही नाही. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये बेनसिराचा ग्रंथ आहे, त्याचा ३८वा अध्याय काढून पाहा. वैद्याचा मान राखा, त्यालाही प्रभूनेच निर्माण केले आहे, प्रभू जमिनीतून औषधे उपजवतो आणि शहाणा माणूस ती झिडकारत नाही, असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात आजारी पडल्यावर प्रार्थना कर असे आहे आणि लगेच पुढे वैद्यालाही जागा दे असे आहे.

आरोग्यदान प्रार्थनांना माझा विरोध नाही. मी स्वतः त्यांना जाते. पण त्या कशा असाव्यात याविषयी चर्चने लेखी मार्गदर्शन केलेले आहे. १४ सप्टेंबर २००० रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धान्तविषयक विभागाने एक सूचनापत्र काढले. त्यावर कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे पुढे पोप झालेले सोळावे बेनेडिक्ट, यांची सही आहे. बरे व्हावेसे वाटणे ही चांगली आणि माणसाला शोभणारी इच्छा आहे, असे त्यात म्हटले आहे. प्रार्थना नैसर्गिक उपचारांना वगळत नाही, उलट त्यांना उत्तेजन देते, असेही म्हटले आहे. आणि अशा सभांमध्ये उन्माद, कृत्रिमता, नाटकीपणा, खळबळ यांना थारा नसावा, असे बजावले आहे. ज्यांनी तुमच्या डोक्यावर हात ठेवून तुमचा विश्वास मोजला, त्यांच्या बोलण्याला या पत्रात कसलाही आधार मिळत नाही.

घराण्याच्या पापाबद्दल एवढेच सांगते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न प्रभूला विचारला होता, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांचेही नाही असे उत्तर दिले. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय आहे. त्या बाईंनी पुन्हा विषय काढलाच तर तुम्ही वाद घालू नका, तुमच्या घरातील दुसऱ्या कोणाला तरी बोलू द्या. आजारी माणसाने स्वतःचा बचावही स्वतःच करावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

उत्तर : एक धर्मगुरू

भगिनी, तुमच्या तीन प्रश्नांपैकी तिसऱ्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून तेथून सुरुवात करतो.

होय, तुम्हाला हा संस्कार मिळू शकतो. तो केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही, हे जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले. आजारामुळे किंवा वार्धक्यामुळे माणसाचे जीवित धोक्यात येऊ लागले की तो घेण्याची योग्य वेळ आलेलीच असते, असे त्या दस्तऐवजात आहे. पुढे १९७२ मध्ये सहावे पोप पॉल यांनी या संस्काराचा विधी नव्याने घालून दिला. गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी तो घेता येतो. एकदा घेतल्यावर त्याच आजाराने अधिक गंभीर वळण घेतले तर पुन्हा घेता येतो. दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात ‘गंभीर’ कशाला म्हणावे याचा काटेकोर तक्ता कोणी केलेला नाही. तुमचे फादर तुमच्याशी बोलून ते ठरवतील, आणि शंका असेल तर संस्कार देण्याच्या बाजूने निर्णय घ्यावा हीच चर्चची रीत आहे. तुम्ही वर्णन केलेला आजार, त्यासाठी घ्यावी लागणारी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आणि त्यांमुळे वाढणारा संसर्गाचा धोका पाहता, मी तुम्हाला नाही म्हणणार नाही.

घरच्यांची भीती मला ओळखीची आहे. अनेक घरांत आम्हाला इतके उशिरा बोलावले जाते की रुग्ण शुद्धीवर नसतो, आणि ज्या प्रार्थनेत त्याने सहभागी व्हायचे ती त्याच्या कानांपर्यंत पोहोचतच नाही. त्यावर उपाय म्हणून अनेक धर्मग्रामांत ११ फेब्रुवारीच्या आसपास, फ्रान्समधील लुर्द येथे दर्शन दिलेल्या मारियामातेच्या सणाला, आजाऱ्यांसाठी खास मिस्सा ठेवून सामुदायिक तैलाभ्यंग केला जातो. हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून पाळावा असे दुसरे पोप जॉन पॉल यांनी १९९२ साली ठरवले आणि १९९३ पासून तो पाळला जातो. दहाबारा आजारी माणसे एका रांगेत बसलेली असली की घरच्यांची निम्मी भीती जाते.

आता पहिला प्रश्न. जे पोप पुढे पार्किन्सनच्या आजारात सगळ्या जगासमोर थकत गेले, त्याच जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी एक प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले होते. तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाल्याला तीन वर्षेही झाली नव्हती. पत्राची सुरुवात संत पौलाच्या कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातील एका वचनाने होते (१:२४). ख्रिस्ताच्या क्लेशांतील जे उणे आहे ते मी आपल्या देहात, त्याच्या शरीरासाठी म्हणजे मंडळीसाठी, भरून काढतो, असे पौल तेथे म्हणतो. याचा अर्थ ख्रिस्ताचे दुःख अपुरे पडले असा नाही. ते पूर्ण आहे, पण त्याने ते स्वतःपुरते बंद करून ठेवलेले नाही. त्यात सहभागी होण्यास त्याने आपल्याला जागा ठेवली आहे, आणि अर्पण म्हणजे त्या जागेवर आपले दुःख नेऊन ठेवणे. मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस वेदीवर नेतात त्या वेळी मनातल्या मनात ‘आजचा हा दुखरा हात यासोबत’ एवढे म्हणणे पुरेसे असते.

पण ज्या गोष्टी या पत्रात नाहीत त्याही सांगायला हव्यात, कारण प्रवचनांमधून त्या पत्राच्या नावावर खपवल्या जातात. दुःख स्वतःच चांगले आहे असे त्यात नाही. दुःख म्हणजे वाईटाचाच अनुभव, असे पोप स्पष्टपणे मांडतात. सर्व दुःख ही शिक्षा असते हे मत ईयोबाच्या आधाराने ते खोडून काढतात. आणि पत्राचा शेवटचा मोठा भाग वाटेत पडलेल्या जखमी परक्याची शुश्रूषा करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर आहे. आपल्या दुःखाने भले करावे आणि दुःखी माणसाचे भले करावे, या दोन्ही गोष्टी ख्रिस्ताने एकत्र शिकवल्या, असे ते म्हणतात. म्हणजे जो तुम्हाला ‘अर्पण कर’ असे सांगून निघून जातो, त्याने अर्धीच शिकवण सांगितली आणि उरलेली अर्धी, जी त्याच्यावर बंधनकारक होती, ती पाळली नाही. अर्पण हे आजारी माणसाने स्वतःहून करायचे असते. दुसऱ्याने त्याला तसा हुकूम सोडणे हा धर्मोपदेश नव्हे. तुमच्या आईने मेणाचा हात वाहिला आणि पेज केली, त्यात मला ते संपूर्ण पत्र दिसते.

उत्तर : उत्तनची एक बहीण

फादरांचे आणि नर्सताईंचे म्हणणे मला मान्य आहे, तरी एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. अर्पणाचा गैरवापर होतो हे खरे, पण त्याची चर्चा करता करता अर्पणच बाजूला पडू नये. मला मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे आणि मला या गोष्टीने खरोखर तगवले आहे.

मदर तेरेसांच्या कामाच्या सुरुवातीची एक हकीकत मला फार जवळची वाटते. जॅकलिन द डेकर नावाची बेल्जियमची एक तरुणी भारतात सेवेसाठी आली होती. १९४८ साली पाटण्यात तिची मदर तेरेसांशी भेट झाली आणि त्यांच्याबरोबर कलकत्त्यात काम करायचे तिने ठरवले. पण पाठीच्या कण्याच्या आजारामुळे तिला अँटवर्पला परत जावे लागले, आणि तेथे एकामागून एक शस्त्रक्रिया होत राहिल्या. १९५२ मध्ये मदरनी तिला पत्र लिहून विचारले की तू माझी आत्मिक जोडीदार होशील का. मी जे काम करीन त्यासाठी तू तुझे दुःख आणि प्रार्थना दे, आणि माझ्या कामात तुझा वाटा राहील. पुढे प्रत्येक सिस्टरसाठी एकेक आजारी माणूस अशा जोड्या लावल्या गेल्या आणि आजारी सहकाऱ्यांची एक साखळीच उभी राहिली. जिला काम करता येत नव्हते तिच्याकडे मदरनी काम मागितले, ही गोष्ट मला सांत्वनाच्या शब्दांपेक्षा कितीतरी मोठी वाटते. आजारात वेदनेइतकाच त्रास ‘आपला आता कोणाला उपयोग नाही’ या भावनेचा होतो.

मी काय करते ते सांगते. मोघम अर्पण मला जमत नाही, ते हवेत विरून जाते. म्हणून मी दिवस कोणासाठी तरी ठरवते. दहावीला बसलेली शेजारची मुलगी, वादळी हवेत समुद्रावर गेलेली आमच्या पाड्यातील होडी, दारू सोडू पाहणारा एक भाऊबंद. पाय जड झाले आणि खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणेही अवघड झाले की मी त्या माणसाचे नाव घेते आणि मग पाऊल उचलते. ज्या दिवशी तेवढेही होत नाही त्या दिवशी मी फक्त क्रुसाकडे बघते. प्रभूला तेवढे चालते असा माझा विश्वास आहे.

संतांच्या गोष्टींबद्दलही थोडे लिहिते. केरळची अल्फोन्सा १९४६ साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, दीर्घ आजारपणानंतर वारली आणि २००८ मध्ये तिला संतपद मिळाले. लुर्दची बर्नादेत हिला १८५८ मध्ये मातेचे दर्शन झाले, तिने उकरलेल्या झऱ्याकडे आजही लाखो आजारी माणसे जातात, पण ती स्वतः लहानपणापासून दम्याने बेजार होती आणि १८७९ मध्ये क्षयाने गेली, तीही पस्तिसाव्याच वर्षी. लुर्दला बरे झाल्याचा दावा करणाऱ्यांची तपासणी करणारे डॉक्टरांचे कार्यालय १८८३ पासून आहे, आणि इतक्या वर्षांत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरच्या आसपासच आहेत. तेव्हा बरे न होणे हा अविश्वासाचा पुरावा मानला, तर सर्वांत आधी बर्नादेतलाच अविश्वासू म्हणावे लागेल. संत पौलाचेही तसेच. शरीरातील काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असे उत्तर मिळाले.

लुर्दला जाऊन आलेल्या आमच्या गावच्या एका बाईंना मी विचारले होते की तेथे सर्वांत जास्त काय लक्षात राहिले. त्या म्हणाल्या, मिरवणुकीत आजारी माणसांच्या खुर्च्या आणि गाड्या सर्वांत पुढे असतात आणि धडधाकट माणसे मागून चालतात. ताई, तुम्ही मिस्सेत मागे लपून बसू नका.

प्रश्नकर्ती : वसईकर भगिनी

सर्वांचे मनापासून आभार. नालासोपाऱ्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे माझ्या पुतण्याने जाड दोरीला गाठी मारून दिल्या आहेत आणि त्या हाताला जमतात. गोळ्या मी थांबवल्या नव्हत्या, पण थांबवाव्यात का हा विचार मनात घर करून बसला होता, तो नर्सताईंनी काढून टाकला. उत्तनच्या ताईंचे नावानिशी अर्पण मी करून पाहीन. अर्थात, ज्या दिवशी नुसताच संताप येईल त्या दिवशी मी ८८वे स्तोत्र काढणार आहे.

फादर, दोन शंका उरल्या आहेत. तैलाभ्यंगाआधी पापनिवेदन करावेच लागते का? आणि या संस्कारात हातांवर तेल लावतात असे ऐकले आहे. माझ्या हातांवर सूज असते तेव्हा साधा स्पर्शही सहन होत नाही. शिवाय एका प्रार्थनासभेतून आणलेली तेलाची बाटली घरात आहे, तेच तेल फादरना वापरायला सांगावे का, असे घरचे विचारत आहेत.

उत्तर : एक धर्मगुरू

मनावर गंभीर पापाचा भार असेल तर आधी पापनिवेदन करावे, एरवी ते सक्तीचे नाही; पण बहुतेक जण करतात आणि त्याने बरे वाटते. फादर घरी येणार असतील तर तेव्हाच त्यांना सांगा, म्हणजे घरचे थोडा वेळ बाहेर थांबतील आणि तुम्हाला चर्चपर्यंत जाण्याचा वेगळा त्रास पडणार नाही.

बाटलीतील तेल घरच्या प्रार्थनेत भक्तीने लावायला हरकत नाही, मात्र तो संस्कार होत नाही. संस्काराचे तेल पवित्र सप्ताहाच्या सुमारास बिशप आशीर्वादित करतात आणि ते प्रत्येक धर्मग्रामाकडे येते. तैलाभ्यंग करण्याचा अधिकारही फक्त बिशप आणि धर्मगुरूंना आहे. फादर स्वतःचे तेल घेऊनच येतील.

हातांची काळजी करू नका. रीतीप्रमाणे कपाळावर आणि हातांवर तेल लावतात, पण गरज असेल तेव्हा एकट्या कपाळावर लावले तरी संस्कार पूर्ण होतो. हात दुखत असल्याचे सुरुवातीलाच सांगून ठेवा. आणि वेळ संध्याकाळची मागून घ्या, म्हणजे तोवर तुमची बोटे मोकळी झालेली असतील आणि तुमची आईही शेजारी बसू शकेल.